आईला साल्वादोरहून घरी पाठवताना

परतीच्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन मी नेहमी नाश्त्याआधी उरकते. ब्राझीलच्या साल्वादोरमध्येही तेच करायला बसले. गेस्टहाउसच्या गच्चीवर टेबल, समोर समुद्र आणि खालच्या रस्त्यावर सकाळी सकाळीच कुणीतरी ढोल बडवत होतं. माझी माहिती भरून झाली. आईची भरताना ॲपने विचारलं, आयर्लंडचा व्हिसा किती प्रवेशांचा, एक की अनेक? मी 'अनेक'वर बोट नेलं आणि थांबले. तिचा पासपोर्ट उघडून पाहिला. स्टिकरवर स्पष्ट लिहिलं होतं, सिंगल.

तो एक प्रवेश जानेवारीत डब्लिनला उतरलो तेव्हा वापरून झाला होता. शिक्का शेजारच्याच पानावर होता. म्हणजे परवा आम्ही दोघी विमानतळावर गेलो की मला विमानात घेतील आणि माझ्या आईला घेणार नाहीत.

आई त्या वेळी खाली वाळूत पोरांचा फुटबॉल बघत उभी होती. सत्तर वर्षांची, अंगात ट्रॅकपँट, डोक्याला स्कार्फ, दोन्ही हात कमरेवर. निवृत्त होईपर्यंत ती इस्लामपूरच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होती. खो-खो, कबड्डी आणि कुणी मागितलेलं नसताना मुलींचा फुटबॉल. ब्राझीलची पोरं अनवाणी पायांनी वाळूत बॉल कसा आवरतात ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, हे मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले. जानेवारीत मी स्वतः जाऊन तिला कॉर्कला घेऊन आले, तीन महिन्यांसाठी. फेब्रुवारीच्या शेवटी दोघींनी पाठीवर सॅक टाकल्या. रिओला उतरलो आणि बसने किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत साल्वादोरला पोचलो. सहल संपत आली होती. तोवर एक मोजासुद्धा हरवला नव्हता.

हे झालं कसं, तर आमच्यासारख्या पासपोर्ट बदललेल्यांचं होतं तसंच. भारतीय पासपोर्ट होता तेव्हा मी प्रत्येक स्टिकर भिंग लावल्यासारखा वाचायचे. किती प्रवेश, किती दिवस, कुठल्या तारखेपर्यंत. मग हार्प वाद्याचं चित्र असलेला आयरिश पासपोर्ट मिळाला आणि काही वर्षांत ती नजरच गेली. आईच्या अर्जात मी 'अनेक प्रवेश' मागितले होते. मागितलं म्हणजे मिळालं असं धरून चालले. पुढे ब्राझीलचा व्हिसा काढताना सगळं लक्ष ब्राझीलकडे. परत घरी यायलाही कुणाची परवानगी लागते हे डोक्यातच आलं नाही, कारण मला ती लागत नाही.

नवऱ्याला फोन लावला. तो आणि आमची मुलगी कॉर्कला होते.

"आईचा व्हिसा सिंगल एंट्री आहे."

"सिंगल म्हणजे?"

"म्हणजे संपला."

"तू चेक नव्हता केलास?"

"तू केला होतास?"

"ओके. ओके. ग्रँड. आता काय करायचं ते बोलू."

तो आयरिश लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणाला की परिस्थिती अजिबात ग्रँड नसते, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

कामं वाटून घेतली. त्याने डब्लिनच्या कार्यालयात फोन करायचा, मी ब्राझीलमधल्या आयरिश वकिलातीत. त्याला ईमेल करा म्हणून सांगितलं. मला एका सभ्य बाईंनी सांगितलं, की नवा अर्ज ज्या देशात त्या राहतात तिथूनच करावा लागेल आणि काही आठवडे लागतील. मी विमानकंपनीलाही विचारलं. तिथलं उत्तर सगळ्यात छोटं होतं. नाही.

उरला एकच रस्ता. आईने डब्लिनला जायचंच नाही, इथूनच मुंबईला जायचं. मग मीही तिच्याबरोबर जाते, असं मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच आठवलं, की माझं ओसीआय कार्ड बरोबर नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आमच्यासारख्यांना ते दाखवल्याशिवाय भारतात शिरता येत नाही. आणि ते कॉर्कला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, वरच्या फळीवर होतं. आमच्या घरी आता सगळे कपाटाला प्रेसच म्हणतात.

"मी घेऊन येतो ना मुंबईला," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "थांब. थांब एक मिनिट. हे वाच." त्याने बातमी पाठवली. करोनामुळे भारत परदेशी पासपोर्टवाल्यांचे व्हिसा थांबवत होता, ओसीआयवाल्यांनाही येऊ देणार नव्हता. "कार्ड हातात असतं तरी तुला सोडलं नसतं," तो म्हणाला. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

आईला माझ्या देशात येता येत नव्हतं आणि मला आईच्या.

मी तिला हाक मारली. ती जिना चढून आली, एकेक पाय झटकून वाळू पाडली आणि माझ्याकडे बघितलं.

"काय गं, तोंड का असं? कालचा मासा बाधला?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मला हाकललं," ती म्हणाली.

"हाकललं नाही गं. परत आत येता येत नाही, एवढंच."

"तेच की. आन् माझी बॅग? साड्या, स्वेटर, लोणच्याची बरणी, समदं तुझ्या घरात हाय."

"पाठवते सगळं."

"लोणचं नको पाठवू. खावा तुम्हीच. पोरगीला आवडतंय." मग म्हणाली, "कुठल्या विमानानं जायचं मी?"

आता मला दुसरी गोष्ट सांगणं भाग होतं. ब्राझीलहून भारतात थेट येणाऱ्याकडे पिवळ्या तापाची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. मी लस घेतली होती. आईचं वय बघून कॉर्कच्या डॉक्टरांनी तिला ती द्यायला नकार दिला आणि तसं पत्र दिलं. ब्राझीलसाठी तेवढं पुरलं. आयर्लंडला परत जाऊन महिनाभराने भारतात गेली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण इथून थेट गेली तर भारतात ते पत्र चालत नाही. ब्राझील सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विमानतळाजवळ वेगळं ठेवतात.

"कोंडून?"

"खोलीत. डॉक्टर असतात. दादा मुंबईला येऊन थांबेल."

"त्याला आत सोडत्यात?"

"नाही."

आई कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली तिची पोरं अजून खेळत होती. एकाने बॉल छातीवर घेतला, गुडघ्यावर उतरवला आणि वाळूला न लागू देता पलीकडे दिला. एरवी ती अशा वेळी 'बघ, बघ' म्हणून माझा हात ओढायची.

"मला विमान बदलायला जमंल का गं?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तिने कधी, काही जमेल का असं विचारलेलं मला आठवत नाही. येताना मी शेजारच्या सीटवर होते. पट्टा मी लावून दिला होता, फॉर्म मी भरले होते, दुसरं विमान कुठून सुटतं ते मी शोधलं होतं. आता साओ पावलोहून एक विमान, आखातात उतरून दुसरं, मग मुंबई. साओ पावलोपर्यंत मी जाणार होते. माझं डब्लिनचं तिकीटही मी तिथून निघणारं करून घेतलं. पुढचं सगळं तिचं तिला.

आमच्या लोकांत यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. आई-वडील एकटे येणार-जाणार असले की तिकिटावर व्हीलचेअर सांगून ठेवायची. गुडघे ठणठणीत असले तरी. खुर्ची हवी असते ती चालण्यासाठी नव्हे, ढकलणाऱ्या माणसासाठी. तो पाट्या वाचतो, गेट शोधतो, रांग टाळून पुढे नेतो आणि दुसऱ्या विमानाच्या दारात सोडतो. इंग्रजी न येणारे कितीतरी आई-बाबा याच खुर्चीत बसून अर्धं जग ओलांडतात. कॉर्कला आमच्या ओळखीत यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी तिकीट काढताना त्या चौकोनात खूण केली आणि आईला सांगितलं.

"खुर्चीत मी बसणार न्हाई."

"अगं, तुला चालता येत नाही म्हणून नाही गं..."

"मला समदं कळतंय. पोरगी धडधाकट असताना तिला लंगडी म्हणून आणणारे पालक बघितल्यात मी. पी.टी.ला सूट पायजे म्हणून. एकालाबी दिली न्हाई."

"आणि तिथे चुकलीस तर?"

"तोंड हाय की मला."

"मराठीत?"

"मग इथं इतके दिस कंच्या भाषेत बोलत होते मी? त्या वडेवालीशी, बसवाल्याशी, ह्या खालच्या मालकिणीशी?"

"तेव्हा मी शेजारी होते, आई."

तिने स्कार्फ सोडून पुन्हा घट्ट बांधला. खुर्चीला मात्र हो म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बाहेर पडलो. बॅगा भरून झाल्या होत्या, करण्यासारखं काही नव्हतं आणि खोलीत बसवत नव्हतं. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. छत्र्या, खुर्च्या, डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन फिरणारे, गाण्यावर गाणं. साथ अजून तिथे बातम्यांतच होती. पाण्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहून गप्पा मारत होती. आम्ही दीपस्तंभाकडे चालत होतो आणि मी आईची तयारी करून घेत होते.

"विमानातून उतरलीस. आता?"

"गर्दीच्या मागनं जायचं न्हाई."

"का?"

"ती गावात चालली असती. मला दुसरं विमान पायजे. ते टी अक्षरावरनं सुरू होतं ते."

"ट्रान्सफर. आणि पासपोर्ट?"

"पोटाच्या पिशवीत."

"आणि ते डॉक्टरांचं पत्र?"

"ए बाई," आई मध्येच थांबली. मागून येणारा एक जण तिच्यावर आदळता आदळता राहिला. "आता बास. परीक्षा घ्यायचं काम माझं होतं. तू न्हाई घ्यायची माझी."

कोपऱ्यावर पांढरा घेरदार झगा आणि पांढरं फडकं बांधलेली एक बाई चवळीच्या पिठाचे मोठे वडे लाल पामतेलात तळत होती. इथे आल्यापासून आई रोज तिच्याकडे जायची. वडा चिरून आत सुकट आणि मिरचीची चटणी भरून मिळायचा. आईने दोन बोटं दाखवली, बाईने हसून दोन दिले. आम्ही दगडी कठड्यावर बसलो. माझा अर्ध्यावरच राहिला. आईने तिचा संपवला आणि माझाही घेतला.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथली ती रीत आहे. व्हिसाचं कळण्याआधीच्या दोन संध्याकाळी आईने सगळ्यांत जोरात वाजवल्या होत्या. त्या दिवशी तिचे हात मांडीवर होते.

"सहा दिस काय करायचं गं खोलीत?" तिने विचारलं.

"मी फोन करत राहीन," म्हटलं.

साओ पावलोच्या विमानतळावर आम्ही फार लवकर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली आणि पिवळ्या तापाचं कार्ड मागितलं. मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि वरिष्ठाला बोलावलं. तो आला. टाय, गळ्यात ओळखपत्र, इंग्रजी चांगलं. भारतात सहा दिवस वेगळं ठेवतील याची कल्पना आहे का, विचारलं. आहे म्हटलं. तसं लिहून सही द्यावी लागेल म्हणाला. आईने मराठीत सही केली. माझा श्वास जरा मोकळा झाला.

मग त्याने पुन्हा स्क्रीन बघितली. "व्हीलचेअर कोणासाठी?"

"यांच्यासाठी."

त्याने आईकडे बघितलं. आई ताठ उभी होती. पाठीवर सॅक, तीही पट्टे नीट आवळलेली. खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस बाजूलाच थांबले होते.

"या चालू शकतात."

"हो."

"मग आजारी आहेत का? आजारी असतील तर सध्या डॉक्टरांचा दाखला लागेल. त्याशिवाय मी विमानात घेऊ शकत नाही."

"नाही, नाही. एकदम ठीक आहेत."

"मग खुर्ची कशासाठी?"

आजारी म्हटलं तर विमान जातं, ठीक म्हटलं तर खुर्ची जाते. मी खरं ते सांगितलं. "त्यांना इंग्रजी येत नाही. मध्ये विमान बदलायचंय. कुणीतरी सोबत हवं."

"भाषेसाठी आम्ही खुर्ची देत नाही, मॅडम." तो उद्धट नव्हता. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"खुर्ची मिळणार नाही म्हणतोय. तुला चालता येतंय म्हणून."

मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, नकोच होती. मी पुढचा विचार करायलाही लागले होते. आखातातल्या कुणाला फोन करता येईल, कोणाचा भाचा तिथे आहे. आईने खांद्यावरून सॅक काढली. ती घेऊन खुर्चीपाशी गेली आणि बसली. मग वाकून ट्रॅकपँटचा पाय गुडघ्याच्या वर ओढला. वाटीवरून खाली लांब, पांढुरका व्रण आहे. कबड्डीत गुडघा फाटला होता तेव्हाचा, माझ्या जन्माआधीचा. त्या गुडघ्याने तिने नंतर सगळी नोकरी पळून काढली.

तिने व्रणावर बोट ठेवलं आणि त्या माणसाकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "लाँग वॉक. पेन."

तो वाकून बघत राहिला. रांगेतले लोकही बघत होते. आईने पाय उघडाच ठेवला. चेहरा इतका कोरा, की तिच्या पोटच्या मुलीलाही काही कळू नये. मग त्याने मान हलवली, दोन कळा दाबल्या आणि बोर्डिंग पास तिच्या हातात दिले. दोन्ही विमानांचे.

आईने पँट खाली केली. मी तिच्याजवळ वाकले. सॅकचा पट्टा नीट करत बसले.

"एवढं काय खोटं न्हाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "थंडीत दुखतोय कधी कधी." आणि मग, "जा आता. तुझं विमान चुकंल."

खुर्ची सुरक्षा तपासणीच्या दारातून आत गेली. सॅक मांडीवर, पाठ सरळ. तिने मागे बघितलं नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

डब्लिनला उतरले तेव्हा विमानतळ विचित्र रिकामा होता. आयर्लंडमध्ये शाळा नुकत्याच बंद झाल्या होत्या. काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे बघितलं न बघितलं आणि परत सरकवला. "यू आर ग्रँड," म्हणाला. पासपोर्ट हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले, म्हणून त्याने पुन्हा मान वर केली. मग मी चालू लागले.

कॉर्कच्या बसमध्ये मोजकी माणसं होती, एकमेकांपासून लांब बसलेली. फोन मी मांडीवर उलटा ठेवला होता आणि सारखा सुलटा करत होते. मुलीचा मेसेज आला, आज्जी रिअली इजन्ट कमिंग बॅक? पुढे त्यावर घरात बरंच बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं, आली असती तर इथेच अडकली असती, घराबाहेरही न पडता. दादाचंही तेच. दोघांचं बरोबर आहे. पण २०२० गेलं, २०२१ संपत आलं, तोवर मी तिला फक्त फोनच्या काचेत बघत होते. अडकली असती तर मला चाललं असतं.

बस अर्ध्या वाटेवर असताना फोन वाजला.

"पोचले," आई म्हणाली.

"कुठे आहेस?"

"खोलीत. पंखा हाय. खिडकीला जाळी लावल्या. बाई येती, ताप बघती, लिहून घेती, जाती. चहा निस्ता पाणी हाय. दादा फाटकाशी हुबा हाय, हात हलवतोय माकडासारखा."

"विमान बदलताना काही त्रास?"

"न्हाई. ढकलणारा नेपाळचा होता, त्याला हिंदी यायचं. एकदा मी उठले पाय मोकळे करायला, तर माझ्यावरच वरडला. म्हटला, अम्मा, उठलीस तर माझी नोकरी जाईल. बसले मग."

मी हसायला लागले. मग ते हसू राहिलं नाही. मी तोंड खिडकीकडे केलं.

"तू गेलीस का घरी?"

"बसमध्ये आहे. डब्लिनहून निघाले."

"विमानतळावर काय विचारलं तुला?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही, आई."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. दार वाजलं, कुणी बाई हिंदीत काहीतरी म्हणाली.

"बरं हाय," आई म्हणाली. "ठेव आता. ताप बघाय आल्या."